कॅन्ससचा प्रयोग : एका वचनाची तपासणी

अमेरिकेच्या नकाशात जवळपास मध्यभागी कॅन्सस हे राज्य आहे. गव्हाची शेती, गुरांचे व्यापार आणि विचिटा शहरातले विमानांचे कारखाने ही त्याची ओळख. मे २०१२मध्ये या राज्याचे गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी प्राप्तिकर मोठ्या प्रमाणावर कमी करणाऱ्या एका विधेयकावर सही केली. पाच वर्षांनी, ६ जून २०१७ रोजी, त्या करकपातीचा गाभाच काढून टाकणारे दुसरे विधेयक मंजूर झाले. ब्राउनबॅक यांनी त्यावर नकाराधिकार वापरला होता. तो त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे भक्कम बहुमत असलेल्या विधिमंडळाने दोन तृतीयांश मतांनी धुडकावून लावला. सिनेटमध्ये २७ विरुद्ध १३, कनिष्ठ सभागृहात ८८ विरुद्ध ३१.

एवढ्यावरून ‘करकपात फसली’ असा निकाल देऊन मोकळे होता येते, आणि अमेरिकेतल्या पुष्कळ लेखकांनी तसा तो दिलाही. दुसऱ्या बाजूचे लोक तितक्याच घाईने म्हणतात की, करकपात चांगली होती, खर्च कमी करण्याची हिंमत कोणी दाखवली नाही. मला हे दोन्ही निकाल अपुरे वाटतात. कॅन्ससमध्ये काय बिघडले, यापेक्षा तिथे नेमके कोणते वचन दिले गेले होते आणि ते पाळले गेले की नाही हे कशावरून ठरणार होते, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण हे वचन कॅन्ससपुरते नाही. कर कमी करा, उद्योग वाढतील, रोजगार वाढेल, आणि त्या वाढीतून तिजोरीही पुन्हा भरेल, हे आपण निरनिराळ्या तोंडांनी ऐकत आलो आहोत. कॅन्ससमध्ये ते इतक्या उघडपणे आणि इतक्या कमी अटी घालून अमलात आले की, त्याची तपासणी करायला अशी संधी क्वचितच मिळावी.

मराठी वाचकासाठी आधी एक खुलासा करायला हवा. भारतात प्राप्तिकर म्हटला की तो केंद्राचा. शेतीच्या उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार तेवढा राज्यघटनेने राज्यांकडे ठेवला, पण त्याला हात लावायला सहसा कोणी धजत नाही. पगारपत्रकात दिसणारा व्यवसाय कर हाच काय तो राज्याच्या प्राप्तिकराचा लांबचा नातेवाईक, आणि त्यालाही घटनेच्या २७६व्या कलमाने वर्षाला अडीच हजार रुपयांची मर्यादा घातलेली आहे. अमेरिकेत तसे नाही. तिथे वॉशिंग्टनच्या संघराज्य सरकारला भरायचा प्राप्तिकर वेगळा आणि राज्याचा वेगळा. बहुतेक राज्ये तो घेतात. टेक्सस, फ्लोरिडा अशी मोजकी राज्ये घेत नाहीत आणि करकपातीच्या प्रत्येक भाषणात या दोन राज्यांचे नाव हमखास येते.

महाराष्ट्रातला व्यवसाय कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या त्या योजनेचा हिशेब सरळ होता : शहरातल्या पगारदाराकडून थोडे घ्यायचे आणि दुष्काळी तालुक्यात काम काढायचे. ती योजना पुढे कशी राबवली गेली याबद्दल पुष्कळ तक्रारी करता येतील. पण कर कुठून येतो आणि काम कुठे निघते, हे त्यात दिसत होते. कॅन्ससचा तर्क याच्या बरोबर उलट होता. कर काढून घ्या, काम आपोआप निघेल. मधली पायरी दिसत नव्हती, ती मानून चालायची होती.

आता कायद्याकडे येऊ. त्यात दोन मोठ्या गोष्टी होत्या. पहिली म्हणजे प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर ६.४५ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर आला आणि तीन टप्प्यांचे दोन झाले. दुसरी जास्त धाडसी होती. अमेरिकेत लहान-मध्यम धंदे, भागीदारी संस्था, शेती आणि ज्यांना तिथे ‘एलएलसी’ म्हणतात त्या मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या स्वतः कर भरत नाहीत. नफा मालकाच्या वैयक्तिक उत्पन्नात धरला जातो आणि कर मालक भरतो. कॅन्ससने हा नफा राज्याच्या प्राप्तिकरातून पूर्णपणे वगळला. दर कमी केला नाही, थेट शून्य केला. पगारावर कर राहिला. म्हणजे दुकानाच्या मालकाला कर नाही आणि त्याच्या दुकानात काम करणाऱ्याला आहे, अशी स्थिती १ जानेवारी २०१३पासून सुरू झाली. त्याच विधेयकाने गरीब कुटुंबांना किराण्यावरच्या विक्रीकरापोटी मिळणारा परतावाही रद्द केला. हा तपशील बातम्यांत शेवटच्या परिच्छेदात असे.

विधेयक मंजूर कसे झाले, तेही थोडक्यात सांगतो. सिनेटमधल्या मवाळ रिपब्लिकन सदस्यांना ते पसंत नव्हते. पुढे दोन्ही सभागृहांच्या वाटाघाटींत ते दुरुस्त करू, या समजुतीवर त्यांनी ते पुढे जाऊ दिले. कनिष्ठ सभागृहाने वाटाघाटींची वाटच न पाहता तोच मसुदा मंजूर करून टाकला आणि गव्हर्नरांनी सही केली. मूळ प्रस्तावात महसूल भरून काढण्याच्या ज्या तरतुदी होत्या त्यांतल्या बऱ्याच गळून पडल्या होत्या. त्याच ऑगस्टमध्ये पक्षांतर्गत निवडणुकांत त्या मवाळ सदस्यांपैकी अनेकांना, खुद्द सिनेटच्या अध्यक्षांनाही, घरी बसावे लागले.

या योजनेसाठी राज्याने सल्लागार म्हणून आर्थर लॅफर यांना बोलावले होते. मानधन ७५ हजार डॉलर. लॅफर यांचे नाव एका वक्ररेषेला चिकटले आहे. १९७४मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका हॉटेलात डिक चेनी, डोनाल्ड रम्सफेल्ड आणि ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चे ज्यूड वॅनिस्की यांच्यासमोर त्यांनी ती रुमालावर काढून दाखवली, अशी आख्यायिका आहे. त्या नावाने एक रुमाल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलेला आहे. लॅफर स्वतः मात्र म्हणतात की, हा प्रसंग आपल्याला आठवत नाही. रेषेचा आशय साधा आहे. कर शून्य टक्के असेल तर महसूल शून्य. शंभर टक्के असेल तरी शून्य, कारण मग कोणी कमावणारच नाही. तेव्हा मधे कुठेतरी शिखर असणार, आणि दर त्या शिखराच्या पलीकडे गेला असेल तर तो कमी केल्याने महसूल वाढेल. लॅफर प्रामाणिकपणे सांगतात की, हा विचार आपला नाही, चौदाव्या शतकातल्या इब्न खल्दूनकडे तो सापडतो.

या रेषेत खोटे काही नाही. प्रश्न आहे तो ‘कुठेतरी’ या शब्दाचा. १९७४मध्ये अमेरिकेच्या संघराज्य प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर ७० टक्के होता. तिथे आपण शिखराच्या कोणत्या बाजूला आहोत हा विचार करण्यासारखा मुद्दा होता. कॅन्ससचा वरचा दर साडेसहा टक्क्यांच्या आत होता. शंभरातले साडेसहा रुपये जातात म्हणून कमावणेच सोडून देणारा माणूस मला कल्पनेतही उभा करता येत नाही. आणि हे राज्याला ठाऊक नव्हते असेही नाही. विधिमंडळाच्या स्वतःच्या संशोधन विभागाने सहीपूर्वीच अंदाज दिला होता की, २०१४च्या आर्थिक वर्षात सुमारे ८० कोटी डॉलरचा महसूल जाईल. म्हणजे तिजोरीला भोक पडणार हे कागदावर लिहिलेले होते. ते वाढीतून भरेल, हा भाग मात्र भाषणांत होता.

आणि इथे भाषेकडे वळावे लागते. जुलै २०१२मध्ये विचिटाच्या वर्तमानपत्रात लिहिलेल्या लेखात ब्राउनबॅक यांनी आपल्या करधोरणाला अर्थव्यवस्थेच्या हृदयात दिलेल्या अ‍ॅड्रेनलिनच्या इंजेक्शनची उपमा दिली. त्याच सुमारास दूरचित्रवाणीवर त्यांनी हा खराखुरा, जिवंत प्रयोग असल्याचे सांगितले. या दोन उपमा पुढची पाच वर्षे त्यांच्या पाठीशी लागल्या, विरोधकांनी त्या त्यांच्याच विरुद्ध वापरल्या. पण त्या नीट वाचल्या की कळते, त्या एकमेकींशीच भांडतात.

अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन हृदय बंद पडू लागलेल्या रोग्याला देतात. तो प्रयोग नव्हे, उपचार. त्याचा परिणाम मिनिटांत दिसतो आणि दिसला नाही तर सारवासारव करायला वेळ उरत नाही. २०१२मध्ये कॅन्ससचे हृदय काही बंद पडत नव्हते. मंदीनंतर राज्य हळूहळू सावरत होते आणि तिथली बेकारी राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी होती. प्रयोगाची उपमा याहून जास्त जबाबदारीची आहे. प्रयोग करणाऱ्याने आधी सांगायचे असते की, अमुक काळात अमुक झाले नाही तर माझे गृहीतक चुकले असे मी मानेन. कॅन्ससमध्ये आकडे दिले गेले होते. २०२०पर्यंत नेहमीच्या वाढीच्या वर जवळपास २३ हजार नवे रोजगार आणि ३५ हजारांहून अधिक नवे रहिवासी. २०१४च्या निवडणुकीत तर चार वर्षांत खासगी क्षेत्रात एक लाख रोजगारांचे आश्वासन आले. पण ‘नेहमीची वाढ’ म्हणजे किती, तुलना कोणाशी, आणि मधल्या वर्षांत काय दिसायला हवे, हे कुठे बांधून घेतलेले नव्हते. नुकसानीचा अंदाज वर्षवार होता, लाभाचा अंदाज मात्र आठ वर्षांच्या गाठोड्यात.

याच संदर्भातली एक घटना मला फार बोलकी वाटते. गव्हर्नरांच्याच आर्थिक सल्लागार मंडळाच्या नावाने कॅन्ससची शेजारच्या राज्यांशी आणि देशाशी तुलना करणारा एक त्रैमासिक अहवाल निघत असे. सुरुवातीला हाच यश मोजण्याचा फूटपट्टीवजा दस्तऐवज मानला जात होता. २०१६च्या उत्तरार्धात तो बंद करण्यात आला. प्रयोगशाळेत तापमापक काढून घेतला तर त्याला काय म्हणतात, हे विज्ञानाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारावे.

आता प्रत्यक्ष काय घडले ते पाहू. पहिल्याच पूर्ण वर्षात, म्हणजे जून २०१४ अखेर संपलेल्या आर्थिक वर्षात, वैयक्तिक प्राप्तिकराचा महसूल सुमारे ७० कोटी डॉलरने घसरला. संशोधन विभागाचा कोरडा अंदाज खरा ठरण्याच्या जवळ गेला. आधीच्या वर्षातली जवळपास तितकीच शिल्लक राज्याकडे होती, ती भोक बुजवण्यात संपत गेली. त्याच वर्षी मूडीज आणि एस अँड पी या दोन्ही संस्थांनी राज्याचे पतमानांकन एकेक पायरी खाली आणले.

पण या कथेचा गाभा शून्य कराच्या त्या तरतुदीत आहे, आणि तिथे थोडे थांबायला हवे. विधेयक मंजूर होताना सांगितले गेले होते की, सुमारे १ लाख ९१ हजार व्यावसायिकांना याचा लाभ होईल. प्रत्यक्षात ३ लाख ३० हजारांहून अधिक लोकांनी तो घेतला. हे वाढीव लोक कुठून आले? काही आधीपासूनच होते, मोजणीतून सुटलेले. पण काहींनी फक्त आपल्या उत्पन्नाचे नाव बदलले. काल जो पगार घेत होता तो आज सल्लागार कंपनीचा मालक झाला. काम तेच, पैसे देणारा तोच, खुर्चीही तीच. फक्त धनादेश आता माणसाच्या नावाने न येता एलएलसीच्या नावाने येऊ लागला. कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल प्रशिक्षकाचे मानधन मोठे असते, आणि त्यातला बहुतेक भाग अशाच एका कंपनीमार्फत जातो, हे २०१६मध्ये पत्रकारांनी उघड केले. त्यात बेकायदा काही नव्हते. कायद्यानेच ती वाट ठेवली होती. पण त्याच विद्यापीठातला सफाई कामगार आपल्या पगारावर राज्याचा कर भरत होता, एवढे लोकांना कळायला पुरेसे होते.

जेसन डीबॅकर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष करविवरणांची माहिती घेऊन या तरतुदीचा अभ्यास केला. तो २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की, लोकांनी प्रतिसाद दिला खरा, पण तो मुख्यतः उत्पन्न एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात नेण्याचा. खऱ्या गुंतवणुकीत किंवा उद्योगात वाढ झाल्याचा पुरावा फारसा नाही. ट्रेसी टर्नर आणि ब्रँडन ब्लॅग यांनी रोजगाराच्या अंगाने पाहिले, त्यांनाही करकपातीमुळे रोजगार वाढल्याचे दिसले नाही.

हे का झाले असावे, याचे उत्तर माझ्या मते एका साध्या गुणाकारात आहे. एका दुकानदाराला वर्षाला ५० हजार डॉलर नफा होतो असे धरू. राज्याचा कर पूर्ण माफ झाला तर जुन्या सर्वांत वरच्या दरानेसुद्धा त्याचे फार तर ३,२२५ डॉलर वाचतील. कॅन्ससमध्ये किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर. आठवड्याला ४० तास काम करणारा एक माणूस ठेवायचा तर वर्षाला १५,०८० डॉलर लागतात. वाचलेल्या पैशात पाव माणूससुद्धा येत नाही. शिवाय मालक नोकर ठेवतो तो गिऱ्हाईक वाढले म्हणून; कर वाचला म्हणून रिकाम्या दुकानात दुसरा नोकर कोणी ठेवत नाही. त्यात आणखी एक गंमत आहे. नोकराचा पगार हा धंद्याचा खर्च असल्याने तो नफ्यातून आधीच वजा होतो. नफ्यावर कर असतो तेव्हा पगारावर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे मालकाचा थोडा कर वाचतो. नफा करमुक्त झाला की तेवढे आकर्षणही जाते. ‘रोजगार निर्माण करणारे’ हा शब्द भाषणात मालकाचा पर्याय म्हणून वापरला जातो, म्हणून ही गोष्ट नजरेआड होते.

वाढ आली नाही, पण खर्च तर थांबत नव्हता. संघराज्य सरकार तूट आली की कर्ज काढते. कॅन्ससला आपला अंदाजपत्रकी हिशेब जुळवावाच लागतो. त्यामुळे राज्यातली करकपात कधी एकटी येत नाही, तिच्या मागोमाग दुसरा कोणता तरी कर किंवा कुठली तरी काटछाट येते. रस्त्यांसाठी राखलेला पैसा इतका वारंवार वळवला गेला की, लोक वाहतूक खात्याला बँक म्हणू लागले. निवृत्तिवेतन निधीचा हप्ता पुढे ढकलला गेला. २०१५मध्ये विधिमंडळाचे अधिवेशन लांबत लांबत ११३ दिवसांवर गेले आणि अखेर विक्रीकर ६.१५ टक्क्यांवरून ६.५ टक्के झाला. सिगारेटवरचा करही वाढला. कॅन्ससमध्ये तेव्हा दूध, पाव, भाजी यांवरही पूर्ण विक्रीकर लागत असे. किराण्यावरचा परतावा तर आधीच रद्द झालेला. पुढच्या वर्षी तो ज्या रूपात परत आणला त्यात प्राप्तिकरच न लागणाऱ्या गरिबाला काहीच मिळत नव्हते. म्हणजे एलएलसीच्या नफ्यावर कर शून्य आणि पावाच्या लादीवर साडेसहा टक्के, शिवाय गावाचा आणि काउंटीचा वेगळा. करकपात हा शब्द ऐकून सर्वांचाच कर कमी झाला असे वाटते. कॅन्ससमध्ये तो कमी कोणाचा झाला आणि वाढला कोणाचा, हे किराणा दुकानाच्या पावतीवर वाचता येत होते.

शाळांची गोष्ट याहून गंभीर. राज्याच्या सर्वसाधारण निधीतला सुमारे निम्मा पैसा शालेय शिक्षणावर जातो, तेव्हा तिजोरी आटली की चटका तिथेच बसतो. २०१५च्या वसंतात कॉन्कॉर्डिया आणि ट्विन व्हॅली या दोन ग्रामीण शाळा-जिल्ह्यांनी पैसा संपल्याने शालेय वर्ष ठरल्यापेक्षा काही दिवस आधीच आटोपते घेतले. कॅन्ससच्या राज्यघटनेत शिक्षणासाठी योग्य तरतूद करणे हे विधिमंडळाचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे, आणि त्यावरून ‘गॅनन’ नावाने ओळखला जाणारा खटला वर्षानुवर्षे चालू होता. (शाळा आणि न्यायालय म्हटले की कॅन्ससची राजधानी टोपीका आठवतेच, काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा १९५४चा ‘ब्राउन’ खटला तिथलाच.) २ मार्च २०१७ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, शाळांना मिळणारा पैसा अपुरा आहे, आणि वाचन व गणित यांतली मूलभूत कौशल्ये न मिळालेली मुले जवळपास एक चतुर्थांश आहेत. ही तूट एकट्या करकपातीची नव्हे. मंदीच्या काळापासून शाळांचा निधी कापला जात होता. पण मंदी सरल्यावर तो भरून काढायची जी संधी होती, ती करकपातीने घालवली, असे म्हणायला जागा आहे.

आता ब्राउनबॅक यांच्या बाजूने जे बोलले जाते ते ऐकून घेतले पाहिजे, आणि त्यात तथ्य आहे. बोइंग कंपनीने आपला विचिटातला कारखाना बंद करण्याची घोषणा जानेवारी २०१२मध्ये केली होती, विधेयकाच्या आधी. २०१४नंतर तेलाचे भाव कोसळले, धान्याचे भावही उतरले, आणि कॅन्सस दोन्हींवर जगतो. एवढ्या आघातांत करकपातीचा परिणाम दिसणार कसा? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शेजाऱ्यांकडे पाहून मिळते. नेब्रास्काची जमीन तीच, पिके तीच, भाव तेच. डिसेंबर २०१२ ते मे २०१७ या काळात कॅन्ससमधला बिगरशेती रोजगार सुमारे ४ टक्क्यांनी वाढला. देशात तो ९ टक्क्यांहून अधिक वाढला, आणि नेब्रास्का, मिसुरी, कोलोरॅडो हे शेजारी कॅन्ससच्या पुढे होते. फक्त ओक्लाहोमा मागे राहिला, तो तेलाचा फटका सर्वांत जास्त बसलेला. म्हणजे आघात खरेच, पण करकपातीने त्यांच्याविरुद्ध काही बळ दिल्याचे दिसत नाही. आणि इंजेक्शनचे वचन तर तेच होते.

कॅन्सस सिटी हे महानगर तर दोन राज्यांत विभागलेले. स्टेट लाइन नावाचा रस्ता. एका बाजूला मिसुरी, दुसऱ्या बाजूला कॅन्सस. करकपातीचा मोह इथे सर्वांत जास्त दिसायला हवा होता. इथे कंपन्या रस्ता ओलांडून जातही होत्या, पण त्या मुख्यतः दोन्ही राज्यांनी एकमेकांविरुद्ध देऊ केलेल्या खास सवलतींसाठी. एका बाजूचा रोजगार दुसऱ्या बाजूला गेला की दोन्हीकडच्या भाषणांत तो नवा म्हणून मोजला जाई. हा खेळ इतका महाग पडला की २०१९मध्ये दोन्ही राज्यांनी तो थांबवण्याचा समझोता केला.

मग करांचा काहीच परिणाम होत नाही का? असे म्हणणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. कॅलिफोर्नियाने २०१२मध्येच अतिश्रीमंतांवरचा कर वाढवला. त्याचा अभ्यास करणारे जोशुआ राउह आणि रायन श्यू यांना दिसले की, काही श्रीमंत राज्य सोडून गेले, राहिलेल्यांनी आपले करपात्र उत्पन्न कमी दाखवले, आणि अपेक्षित वाढीव महसुलाचा मोठा हिस्सा त्यात गळाला. मोरेटी आणि विल्सन यांनी नामवंत वैज्ञानिकांच्या स्थलांतराचा मागोवा घेतला, त्यातही राज्याच्या करांचा प्रभाव दिसतो. लोक करांना प्रतिसाद देतात, हे करकपातवाल्यांचे म्हणणे खरे आहे. पण रकाना बदलणे, पत्ता बदलणे आणि नवा कारखाना काढणे हे तीन वेगळे प्रतिसाद आहेत, आणि वचन तिसऱ्याचे दिलेले असते. ओवेन झिडार यांचा २०१९चा अभ्यास आणखी एक भेद करतो : दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेतल्या करबदलांचा राज्यवार परिणाम पाहिला तर, खालच्या ९० टक्के लोकांना मिळालेल्या करकपातीने रोजगार वाढतो, वरच्या १० टक्क्यांना मिळालेल्या कपातीचा परिणाम नगण्य. कॅन्ससने नेमकी कोणती निवड केली ते आपण पाहिलेच.

नॉर्थ कॅरोलायनाचे उदाहरण टीकाकारांना अडचणीचे वाटते, म्हणून ते टाळू नये. तिथे २०१३मध्ये कपात ठरली. वरचा दर ७.७५ टक्क्यांवरून आधी ५.८ आणि मग टप्प्याटप्प्याने २०२५मध्ये ४.२५ टक्क्यांपर्यंत आला. राज्य भरभराटीत आहे, तिजोरी कोसळली नाही. पण तिथे विक्रीकराची व्याप्ती वाढवली गेली, पुढची कपात महसुलाच्या अटींना बांधली गेली, आणि कॅन्सससारखा शून्य कराचा रकाना उघडला गेला नाही. शिवाय शार्लटच्या बँका आणि रॅली-डरॅम परिसरातली विद्यापीठे व संशोधन केंद्रे तिथे त्याआधी कित्येक दशकांपासून आहेत. तीही सरकारी पैशाच्या आधाराने वाढलेली. भरभराटीने कपात परवडली की कपातीने भरभराट आली, हे त्या उदाहरणावरून सांगता येत नाही. कमी गरिबांना मिळणारी करसवलत तिथेही गेली, हे मात्र सांगता येते.

ब्राउनबॅक २०१४मध्ये पुन्हा निवडून आले, चार टक्क्यांहून कमी फरकाने. हे विसरून चालत नाही. लोकांनी वचनावर दुसऱ्यांदा विश्वास ठेवला. २०१६मध्ये मात्र त्यांचे अनेक समर्थक आमदार पडले. फेब्रुवारी २०१७मध्ये कायदा उलटवण्याचा पहिला प्रयत्न सिनेटमध्ये तीन मतांनी हुकला, जूनमध्ये साधला. वरचा दर ५.७ टक्के झाला, धंद्याच्या नफ्यावरची माफी गेली. ज्यांनी तिच्यासाठी मत दिले होते त्यांतल्याही काहींनी ती काढण्यासाठी मत दिले. ब्राउनबॅक जानेवारी २०१८च्या अखेरीस राजीनामा देऊन धर्मस्वातंत्र्यविषयक राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले. त्याच्या महिनाभर आधी तिथे संघराज्याचा नवा करकायदा मंजूर झाला होता, आणि त्यात धंद्याच्या मालकांच्या अशाच नफ्यावर २० टक्क्यांची वजावट होती.

पुढच्या निवडणुकीत डेमोक्रॅट लॉरा केली गव्हर्नर झाल्या. त्यांच्या काळात किराण्यावरचा राज्याचा विक्रीकर टप्प्याटप्प्याने उतरत १ जानेवारी २०२५ रोजी शून्यावर आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विधिमंडळाने त्यांचा नकाराधिकार ओलांडून प्राप्तिकर ४ टक्क्यांपर्यंत खाली नेण्याचा नवा कायदा मंजूर केला. या वेळी मजकूर मात्र वेगळा आहे. महागाई धरून राज्याचा महसूल ठरावीक पातळीच्या वर गेला आणि राखीव निधीत पुरेशी रक्कम असली, तरच दर उतरायचा. नाही तर जिथे आहे तिथेच राहायचा. २०१२मध्ये कपात आधी होती आणि वाढ मागून येणार होती. नव्या कायद्यात वाढ आधी आली पाहिजे, कपात मागून.